खजुरीच्या मुलांना कुठला भूगोल शिकवणार?

सीमाप्रश्न म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बेळगाव उभं राहतं. फार तर निपाणी, आणि आम्हा गोवेकरांना शेजारचं कारवार. आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद ही नावं घेतली की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "आळंदी म्हणायचंय का तुम्हाला?" नाही हो, आळंदच. कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका, आणि त्या तालुक्यात उमरग्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं खजुरी. कानडी, मराठी, दखनी उर्दू आणि तांड्यावरची लमाणी, या चारही भाषा ज्या पट्ट्यात एकाच बाजारात ऐकू येतात, तो हा पट्टा.

खजुरी कर्नाटकात असावी की महाराष्ट्रात, हा माझा विषय नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, दोन दशकं उलटली, वकील बदलले, मुख्यमंत्री तर मोजायलाच नकोत. तो दावा चालू दे. माझा विषय या पट्ट्यातलं तिसरी-चौथीतलं पोर आहे, आणि त्याच्या दप्तरातलं इतिहास-भूगोलाचं पुस्तक. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही राज्यांनी मिळून या पोराला स्वतःच्या गावाचा इतिहास आणि भूगोल शिकू दिलेला नाही. आणि भाषेच्या नावाने गळा काढणारे आपण मराठी लोकही याला तितकेच जबाबदार आहोत.

प्राथमिक शाळेत भूगोल शिकवायची आपली एक रीत आहे. आधी घर, मग शाळा, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. एकात एक बसणारे डबे. रीत चांगली आहे, मुलाच्या पायाखालून सुरू होते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मुलाचं जग घरापासून चारही दिशांना सारखंच पसरत जातं. पुण्याच्या, धारवाडच्या मुलाचं पसरतही असेल. खजुरीभोवती पन्नास-साठ किलोमीटरचं एक वर्तुळ काढून बघा. आत काय काय येतं? उमरगा येतं, नळदुर्ग येतं, अक्कलकोट येतं. दुसऱ्या अंगाला आळंद, गाणगापूर, कलबुर्गी, बसवकल्याण. निम्मं वर्तुळ या राज्यात, निम्मं त्या. मुलाची आत्या उमरग्याला दिलेली असते, आजोबांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर सोलापूर, कुलदैवत तुळजापूरला, नवस गाणगापूरला आणि कचेरीचं काम कलबुर्गीला. हे त्या मुलाचं खरं जग. आणि पुस्तकातला डबा मात्र गाव-तालुका-जिल्ह्यापर्यंत आला की अचानक एका बाजूने कापलेला.

राज्याचा शालेय नकाशा कधी नीट बघितलाय? आपलं राज्य रंगीत, त्यात नद्या, शहरं, रेल्वे, पिकांची चित्रं. हद्द संपली की पांढरं. त्या पांढऱ्यावर शेजारच्या राज्याचं नाव मोठ्या, विरळ अक्षरांत. नद्या हद्दीपाशी येऊन तुटतात. आळंदच्या पोरासाठी ही आत्या, तो दवाखाना आणि ती तुळजाभवानी, सगळी त्या पांढऱ्या भागात राहतात. पलीकडे उमरग्याच्या पोराच्या नकाशात गाणगापूर पांढरं. दत्तभक्तांनी लक्षात घ्यावं!

आता या मुलांच्या हातातली पुस्तकं. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि त्यांची पुस्तकं कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्थाच छापते. पाचवीपर्यंत परिसर अध्ययन, सहावीपासून समाज विज्ञान. ही पुस्तकं मराठीत असतात, पण मराठीत लिहिलेली नसतात. मूळ पुस्तक कानडीत तयार होतं, बेंगळुरूत, आणि मग त्याची मराठी, उर्दू, तेलुगू, तमिळ अशी भाषांतरं होतात. भाषांतर बरं की वाईट हा पुढचा प्रश्न. मुळात ते पुस्तक ज्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं गेलं ते मूल जुन्या म्हैसूर भागातलं, फार तर धारवाडचं. आळंदचं मराठी मूल त्या लेखकाच्या डोळ्यांसमोर कधीच नव्हतं. खरं तर आळंदचं कानडी मूलही नव्हतं. हे दुसरं वाक्य आमचे सीमावादी मित्र सोयीस्करपणे विसरतात.

आणि आता हद्दीच्या या बाजूला या. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांची पुस्तकं बालभारती छापते. तीही मराठीची कानडी भाषांतरं. महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र हे कित्येक दशकांपासून ठरलेलं आहे, तेव्हा अक्कलकोट तालुक्यातलं कानडी पोर शिवचरित्र कानडीत वाचतं, आणि शेजारच्याच आळंद तालुक्यातलं मराठी पोर कर्नाटकाचा इतिहास मराठीत वाचतं. दोघं एकाच आठवडी बाजारात भेटतात. एकाच्या पुस्तकात विजापूर म्हणजे शत्रूचं राजधानीचं शहर, दुसऱ्याच्या पुस्तकात विजयपुरा म्हणजे आपल्या राज्याचं भूषण, गोलघुमट वगैरे. दोन्ही खरंच आहे. पण हे दोन्ही एकत्र कसं खरं असू शकतं, हे त्या दोघांना समजावून सांगायची जागा कुठल्याच पुस्तकात नाही.

राज्यघटनेत ३५०-अ नावाचं एक कलम आहे. सातव्या घटनादुरुस्तीने, १९५६ साली, म्हणजे भाषावार राज्यं झाली त्याच वर्षी ते घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. कर्नाटक सरकार म्हणू शकतं, आम्ही शाळा दिली, पुस्तक दिलं, झालं आमचं काम. कागदावर ते खोटं नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, पट घसरतो आहे, अशी ओरड सीमाभागात सगळीकडून येते, ती वेगळीच. पण समजा सगळ्या जागा भरल्या. तरी मातृभाषेतून शिकवायचं म्हणजे काय? मराठी शब्दांत म्हैसूरच्या वडेयरांची वंशावळ? मातृभाषेतून शिकवण्याचं सगळं कारणच हे की मुलाला जे आधीच माहीत आहे त्याला धरून पुढे जाता यावं. भाषा तेवढी आईची घेतली आणि आईचं गाव, तिचा बाजार, तिची नदी वगळली, तर उरतं ते भाषांतर.

हे लिहिलं की इकडून टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे. म्हणून लगेच इकडे वळतो.

महाराष्ट्राने या ८६५ गावांसाठी काय काय केलं? डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. कर्नाटकाने आधी, महाराष्ट्राने चार-पाच दिवसांनी. त्याच्या महिनाभर आधी बसवराज बोम्मई जतच्या चाळीस गावांवर बोलले, मग अक्कलकोट आणि सोलापूरवरही. बसवर काळं फासलं गेलं, टीव्हीवाल्यांचा आठवडा बरा गेला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली. चांगलं केलं, ज्याचा जीव वाचला तो दुवा देईल. पण या सगळ्या काळात कुणी विचारलं का, की या गावांतल्या चौथीच्या मुलासाठी आपण एक चौसष्ट पानांचं पुस्तक काढू या? त्याच्या गावाबद्दल? बालभारतीने तिसरीसाठी जिल्हावार परिसर अभ्यासाची पुस्तकं काढली. सोलापूर जिल्ह्याचं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं. फार शहाणी कल्पना होती ती. पण सोलापूर जिल्ह्याचं पुस्तक सोलापूर जिल्ह्याच्या शिवेवर संपणार. ज्या गावांवर आपण हक्क सांगतो त्यांच्यासाठी असं पुस्तक काढावं असं कुणाच्या मनात आलं नाही. हक्क जमिनीवर सांगायचा असतो, पोराच्या दप्तरावर नसतो, असा काहीतरी हिशेब असावा.

आणि माझी खात्री आहे, उद्या न्यायालयाने दावा मान्य करून खजुरीकडची गावं महाराष्ट्राला दिली, तर पहिल्या जूनमध्ये तिथे बालभारतीचे गठ्ठे पोचतील आणि नकाशातलं रंगीत आणि पांढरं यांची फक्त अदलाबदल होईल. आत्या रंगीत होईल आणि कलबुर्गी पांढरी.

ज्यांना वाटतं की त्या भागात शिकवण्यासारखं आहे तरी काय, नुसता तुरीचा आणि दुष्काळाचा मुलूख, त्यांच्यासाठी थोडं तपशिलात जातो. तुरीपासूनच सुरू करू. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तूर इथेच का, तांदूळ का नाही, हा भूगोलाचा आख्खा एक धडा आहे. काळी माती, तिच्याखालचा बेसाल्ट, पाऊस किती आणि कधी. मग तो बेसाल्ट कुठे संपतो? कलबुर्गीच्या खाली गेलं की चुनखडीचे थर लागतात, आणि तिथे आहे शहाबाद. मराठी माणसाने आयुष्यभर ज्या शहाबादी फरशीवर पाय पसरून जेवण केलं, तिचं गाव कलबुर्गी जिल्ह्यात आहे हे किती जणांना माहीत आहे? खजुरीच्या शाळेतली फरशी बघा, बहुधा तीच असेल. ती फरशी दाखवून मास्तरांनी खडक शिकवावेत, पुस्तक नंतर उघडावं.

नद्यांचं बघा. आळंद तालुक्यातली अमरजा गाणगापूरला भीमेला मिळते. त्याच संगमावर लोक स्नानाला जातात. भीमा आलेली असते भीमाशंकराहून, वाटेत पंढरपूरला चंद्रभागा होऊन, आणि पुढे जाते कृष्णेला. थोडं उत्तरेला सरका. मांजरा बीडच्या बालाघाटात उगवते, लातूरवरून बीदर जिल्ह्यात येते, तेलंगणात शिरते आणि शेवटी गोदावरीला मिळते. म्हणजे या पठाराच्या एका उतारावर पडलेला पाऊस कृष्णेत जातो आणि दुसऱ्या उतारावरचा गोदावरीत. पाणलोट म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात मुलांना गावाच्या उंचवट्यावर न्यावं आणि पाणी कुठे पळतं ते बघायला लावावं. नदी तीन राज्यांतून जाते हे कळल्यावर राज्य म्हणजे काय हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील. आज ते उलट्या क्रमाने शिकतं, आधी राज्य आणि मग त्या राज्यातल्या नद्या, जणू नद्या राज्याच्या मालकीच्या म्हशी आहेत.

इतिहासाबद्दल तर काय बोलावं. त्या पन्नास-साठ किलोमीटरच्या वर्तुळात आणि त्याच्या काठावर दख्खनच्या तीन-चार राजधान्या बसतात. मालखेड ही राष्ट्रकूटांची मान्यखेट. तिथल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, 'कविराजमार्ग' हा कानडीतला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ झाला. बसवकल्याण ही चालुक्यांची कल्याणी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. खजुरीतल्या शेतकऱ्याच्या बापाने आणि आज्याने जमिनीच्या वाटण्या केल्या त्या या ग्रंथाच्या नियमांनी, आणि एकत्र कुटुंबाच्या दाव्यात त्याचं नाव कोर्टात आजही निघतं. पुढे त्याच कल्याणात, बिज्जलाच्या दरबारात, बसवेश्वर मंत्री झाले आणि शरण चळवळ उभी राहिली. कलबुर्गीला १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची, पूर्ण छपराखालची, मधलं उघडं अंगणच नाही. ते का नसावं, यावर चौथीच्या मुलांनी तासभर भांडावं. मग राजधानी बीदरला गेली. बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, बिदरीचं काम आहे, ज्यात जस्ताच्या भांड्याला काळा रंग चढतो तो किल्ल्यातल्या जुन्या मातीने. नौबादला जमिनीखालून पाणी खेळवणारी सुरंग-बाव आहे. नळदुर्गला आदिलशाही काळातला पाणीमहाल आहे, बोरी नदीवरच्या धरणातच बांधलेला.

आणि भाषा. श्रीगुरुचरित्र ज्याचं पारायण उभा महाराष्ट्र करतो, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हे कानडी घरातले. ग्रंथातली मुख्य भूमी गाणगापूर. हुमनाबादचे माणिकप्रभू मराठीत आणि कानडीत दोन्हींत पदं रचायचे, आणि त्यांच्या दारी मुसलमानही तितक्याच भक्तीने यायचे. ज्या ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं त्यांचं नाव घेऊन आपण कानडीविरुद्ध मोर्चे काढतो, ही गंमत जुनी आहे, तिच्यावर पुन्हा लिहीत नाही.

यातलं काही शाळेच्या पुस्तकांत येत नाही असं मी म्हणत नाही. येतं. कल्याण येतं, बहमनी येतात, बसवण्णा तर येतातच. पण ते 'कर्नाटकाचा वैभवशाली वारसा' म्हणून येतात, हळेबीड आणि हंपीच्या रांगेत उभे राहून. शाळेच्या दारातून एस.टी. धरून दुपारपर्यंत जाऊन येण्यासारखी जागा म्हणून येत नाहीत. शिवाय त्या मजकुरावर दर सरकारागणिक बेंगळुरूत हात फिरतो. २०२२ मध्ये रोहित चक्रतीर्थ समितीने फेरफार केले, नववीच्या पुस्तकातल्या बसवण्णांच्या मजकुरावरून लिंगायत मठाधीश संतापले, सरकारला दुरुस्ती कबूल करावी लागली. २०२३ मध्ये सरकार बदललं, पुन्हा फेरफार. महाराष्ट्रात यापेक्षा वेगळं चालतं असं कुणी समजू नये. बसवकल्याणपासून दोन तासांवरच्या मुलाने बसवण्णांबद्दल काय वाचावं हे राजधानीतल्या निवडणुकीवर ठरतं.

यात काही बिघडतं का? बिघडतं, आणि ते आळंदमध्येच दिसलं. आळंदला लाडले मशायख यांचा दर्गा आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेत ज्या राघवचैतन्यांचं नाव येतं त्यांची समाधी त्याच आवारात आहे अशी श्रद्धा आहे. शेकडो वर्षं ही गोष्ट लोकांनी आपापल्या परीने सांभाळली. २०२२ च्या महाशिवरात्रीला तिथल्या पूजेवरून दगडफेक झाली, धरपकड झाली. २०२३ मध्ये पंधरा माणसांनी बंदोबस्तात पूजा करायची, असं उच्च न्यायालयाला ठरवून द्यावं लागलं. मी कोणाची बाजू घेत नाही. पण विचार करा, त्या तालुक्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला राघवचैतन्य कोण आणि लाडले मशायख कोण हे कुठून कळलं असेल? शाळेतून नक्कीच नाही. दोघांचीही ओळख त्याला लाउडस्पीकरवरून आणि मोबाईलवरच्या क्लिपांतून झाली. शाळेने गावाचा इतिहास सोडला की तो पोरका राहत नाही, त्याला दुसरे मास्तर भेटतात, आणि ते फुकट शिकवतात.

१७ सप्टेंबरचं घ्या. १९४८ साली या दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं. खजुरीकडे हा दिवस 'कल्याण कर्नाटक उत्सव', कारण २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं नाव बदलून कल्याण कर्नाटक झालं. हद्द ओलांडून उमरग्याला गेलं की तोच दिवस 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. बीदरच्या पलीकडे तेलंगणात गेलं की तिथे नाव काय द्यावं यावर अजून पक्षापक्षांत मारामारी. एकाच दिवशी एकच झेंडा तीन भाषणांखाली फडकतो आणि तिन्ही भाषणांत बाकीच्या दोघांचा उल्लेख नसतो. स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते. जन्म सिंदगीचा, म्हणजे आजच्या विजयपुरा जिल्ह्यातला. शिक्षकी केली उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्ग्याहून. हा माणूस कुठल्या राज्याचा? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणूनच तो चौथीच्या वर्गात विचारायला हवा.

आता कठीण भाग. रझाकारांनी बीदर जिल्ह्यात गोरटा गावात केलेली कत्तल घराघरांत सांगितली जाते. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांचं जे शिरकाण झालं तेही घराघरांत सांगितलं जातं, फक्त दुसऱ्या घरांत. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचं नोंदवलं ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे नेमका हाच पट्टा. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. मी काही तिसरीच्या वर्गात प्रेतं मोजा म्हणत नाही. पण आजीने सांगितलेली गोष्ट घेऊन मूल शाळेत येतंच, आणि शेजारच्या बाकावरचं मूल दुसऱ्या आजीची गोष्ट घेऊन येतं. दोघांना एकमेकांची गोष्ट ऐकून घ्यायला शिकवणं हाही इतिहासाचाच तास आहे, आणि तो प्राथमिक शाळेतच होऊ शकतो. कॉलेजात पोचेपर्यंत दोघं वेगवेगळ्या मोर्चांत असतात.

हे सगळं गोव्यात बसून लिहिण्याचा तुला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. एक तर आमचंही थोडं नातं आहे त्या मातीशी. कल्याणीच्या त्याच सहाव्या विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी ही आमच्या गोव्याच्या कदंब जयकेशीला दिलेली. महमूद गवानने गोवा जिंकला १४७२ मध्ये, मदरसा पुरा झाला त्याच साली, आणि तेव्हा गोव्याचा कारभार बीदरच्या नावाने चालला. आल्बुकेर्कने १५१० मध्ये घेतला तो बहमनींच्या फुटीतून निघालेल्या आदिलशाहीकडून. दुसरं म्हणजे, परक्याचा भूगोल पाठ करणं काय असतं हे गोव्याला शिकवावं लागत नाही. मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेली म्हातारी माणसं अजून तेजु, दोरु, मोंदेगु या पोर्तुगालच्या नद्यांची नावं धडाधड म्हणून दाखवतात. दारातली मांडवी कुठल्या डोंगरातून येते हे त्यांना त्या शाळेने सांगितलं नाही. १९६१ नंतर आमच्या मराठी शाळांतून शिवाजी महाराज आले, अभिमानाने आले, नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापाशी तर ते आमचेच. पण कदंब त्या मानाने मागे राहिले. ते नाव आमच्यातल्या बहुतेकांना कळलं ते सरकारी बसवर वाचून.

तेव्हा मागणी काय? आळंद, अफझलपूर, बसवकल्याण, उमरगा, अक्कलकोट या पाच तालुक्यांसाठी तिसरी ते पाचवीचं एक पूरक पुस्तक. राज्याच्या पुस्तकाऐवजी नव्हे, त्याच्या आधी. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कानडी, मजकूर तोच. ते कानडी माध्यमाच्या मुलानेही वाचायचं आणि मराठी माध्यमाच्याही, आणि उर्दू शाळांसाठी तिसरी आवृत्ती. लिहायचं त्याच तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांनी. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने सरकारी शाळांबरोबर बसून सामाजिक अध्ययनाची पुस्तकं केली आणि ती शाळांत शिकवली गेली. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयात १९८५ पासून परिसरातून शिकवलं गेलं. हे जमतं हे सिद्ध झालेलं आहे.

सीमावादी मित्र म्हणतील, कानडी पानाशेजारी मराठी पान छापलं की दावा कच्चा होतो. होत नाही. आणि होत असेल तर इतका कच्चा दावा लढवू नये. बेंगळुरूचे अधिकारी म्हणतील, परीक्षेत हे येत नाही. चौथीच्या मुलाची परीक्षा हा विषय मी इथे काढत नाही, त्यावर वेगळं आणि कडू लिहावं लागेल. शिक्षक म्हणतील, आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहार, आता हे आणखी. त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. वर्षातून पंधरा दिवस बाकीच्या कामातून सोडवल्याशिवाय हे पुस्तक होणार नाही, आणि ती सूट सरकारने लेखी द्यायला हवी.

पुस्तकाचं पहिलं पान मला दिसतं ते असं. मध्ये खजुरी, किंवा ज्या गावच्या शाळेत ते जाईल ते गाव, मास्तरांनी शाईने लिहिलेलं. भोवती बाजाराचे गाव, नद्या, देवळं, दर्गे, दवाखाने, उसाचे कारखाने, सगळं एकाच रंगात. हद्दीची रेषा या नकाशात नाही. ती पुढे येते, चाळिसाव्या-पन्नासाव्या पानावर, तुटक रेषा म्हणून, आणि तिच्या बाजूला तारीख छापलेली असते: १ नोव्हेंबर १९५६. त्या पानावर स्वाध्याय एकच: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, या रेषेच्या आधी आपण पलीकडे कशासाठी जायचो, आणि आता कशासाठी जातो.